जीन्सचा रंग गेला कुठे?

सध्या ‘इको-फ्रेंडली’ असणं भलतंच इन आहे. डेस्कवर बांबूचा पेन स्टँड, बॅगेत स्टीलची बाटली, भाजीला कापडी पिशवी. यात वाईट काहीच नाही, यातलं बरंचसं मीही करते. पण एवढी जय्यत तयारी करून आपण घराबाहेर पडतो तेव्हा अंगात काय असतं? शुक्रवार असेल तर जीन्स. गुडघ्यावर मस्त फिकट झालेली, मांडीवर पांढरट सुरकुत्या पडलेली, दुकानातून आणली त्याच दिवशी पाच वर्षं वापरल्यासारखी दिसणारी. त्या न वापरलेल्या पाच वर्षांचा रंग नेमका गेला कुठे, हा प्रश्न ट्रायल रूममध्ये कुणालाच पडत नाही.

उत्तर हवं असेल तर बदलापूर लोकल पकडा. कल्याण सुटलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. या टप्प्यात बाहेर बघितलंत तर एक काळपट, फेसाळ ओढा दिसेल. नवखा माणूस त्याला नाला म्हणतो. ती वालधुनी नदी आहे.

तीन गावं, दोन नद्या

वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळे गावाच्या डोंगरात उगम पावते, शिवमंदिराच्या बाजूने वाहते, उल्हासनगर पार करते आणि कल्याणला खाडीला मिळते. हे शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं, शिलाहार राजांच्या काळातलं. त्या लोकांनी देवळासाठी हा काठ निवडला, कारण तेव्हा तो बसावंसं वाटेल असा असणार. आज तिथल्या भिंतींवरचं शिल्पकाम बघताना मान वर ठेवलेली बरी.

दुसरी नदी उल्हास. ती सह्याद्रीत खंडाळा-राजमाचीच्या बाजूला जन्मते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे येते. तिचं पाणी या पट्ट्यातली लाखो माणसं पितात. एका नदीचं आपण गटार केलं आणि दुसरी पिण्यासाठी ठेवली, असा एकंदर हिशोब. तोही पक्का नाही. उन्हाळा आला की उल्हासवर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो. दिसायला छान, पण पाण्यात सांडपाण्याचं ‘खत’ भरपूर झाल्याची ती पावती असते.

कारखान्यांना नुसत्या शिव्या नकोत

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ‘कारखाने वाईट’ एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण या पट्ट्यात ते शोभत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं ‘उल्हासनगर’ झालं. पत्त्यात ‘कॅम्प नंबर’ अजूनही आहे. सगळं सोडून आलेल्या माणसांनी हाताला लागेल तो धंदा केला आणि शहर उभं राहिलं. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि अंबरनाथ-बदलापूरला रासायनिक कारखाने उभे राहिले. कोकण, देश, विदर्भ, उत्तर भारत, जिकडून तिकडून माणसं आली, इथे शिफ्टमध्ये राबली आणि त्या पगारावर त्यांची मुलं शिकली. त्यातलीच काही आज आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतात.

तेव्हा प्रश्न कारखाना हवा की नको हा नाही. कारखान्याचं बिल कोण भरतं, हा आहे.

नाला फुकट असतो

आता जीन्सकडे येऊ. डेनिमचा निळा इंडिगो धाग्याच्या गाभ्यात फारसा शिरत नाही, वरवर बसतो. म्हणून जीन्स फिकट होते आणि म्हणूनच ती फिकट ‘करता’ येते. शिवलेली जीन्स भल्यामोठ्या वॉशिंग मशिनमध्ये जाते. आधी कापडाची खळ काढतात. मग प्यूमिसचे दगड किंवा एन्झाइम टाकून रंग घासतात, ब्लीच मारतात, मांडी-गुडघ्यावर परमँगनेट फवारतात आणि पुन्हा पुन्हा धुतात. पूर्वी वाळूचा मारा करूनही कापड झिजवत. त्या धुळीने कामगारांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली, तेव्हा तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली.

म्हणजे बघा, आधी पाणी आणि रसायनं खर्चून रंग चढवायचा आणि मग पुन्हा पाणी आणि रसायनं खर्चून तो उतरवायचा. नवं कापड जुनं करायला आपण जास्त पैसे मोजतो आणि अर्थशास्त्र त्याला ‘वाढ’ म्हणतं.

उल्हासनगरची जीन्स देशभर जाते, कारण ती स्वस्त असते. तिच्या स्वस्ताईत कारागिराची हुशारी आहे, कमी मजुरीही आहे. पण त्यात आणखी एक सवलत दडलेली असायची, ती म्हणजे न शुद्ध केलेलं पाणी. सांडपाणी शुद्ध करायला वीज लागते, रसायनं लागतात, माणसं लागतात. नाला फुकट असतो.

हेच गणित रासायनिक कारखान्यांचं. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मुख्य काम करतात ते जिवाणू. ते घाण खातात. पण एखाद्याने रात्रीत जहाल आम्ल सोडलं, की जिवाणू मरतात आणि केंद्र नुसतं पाणी इकडून तिकडे ढकलत बसतं. शिवाय विरघळलेले क्षार जिवाणू खातच नाहीत, ते तसेच पुढे जातात. आणि काही जण केंद्रापर्यंतही जात नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरमध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं. त्याचा वायू वस्तीत पसरला आणि शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून हॉस्पिटल गाठावं लागलं. जून २०२१ मध्ये बदलापूरला एका कारखान्यातून वायुगळती झाली. रात्रीच्या वेळी डोळे चुरचुरत, खोकत माणसं घराबाहेर आली. टँकरवाल्याचे वाचले ते पैसे या माणसांच्या फुप्फुसांनी भरले.

धंदा हलला, मागणी तिथेच

मग आले कोर्ट-कचेऱ्यांचे दिवस. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या याचिकेवर जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. २०१८ च्या सुमारास उल्हासनगरमधल्या शेकडो जीन्स वॉशिंग युनिट्सवर कारवाई झाली, वीज-पाणी तोडलं गेलं.

टाळ्या वाजवाव्यात अशी बातमी. पण अर्धीच. युनिट बंद झालं की आधी मजुराची चूल विझते. मालक मशिन उचलून दुसरीकडे जातो. आसपासच्या गावांत नवी युनिट्स निघाल्याच्या आणि तिथेही कारवाई झाल्याच्या बातम्या नंतर येत राहिल्या. आपल्याला मात्र मॉलमध्ये किंवा स्टेशनबाहेर फेडेड जीन्स मिळायची थांबली का? एक दिवसही नाही. रंग कुठल्यातरी दुसऱ्या नाल्यात गेला, इतकंच. आपलं शहर ‘स्वच्छ’ करायचं आणि घाण शेजारच्या तालुक्यात धाडायची, याला सस्टेनेबल म्हणत नाहीत. याला कचरा गादीखाली सारणं म्हणतात.

आरोपींच्या यादीत आपण

लवादाच्या त्या आदेशातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दंड फक्त कारखान्यांच्या प्रक्रिया केंद्रांना नव्हता, इथल्या महापालिका-नगरपालिकांनाही होता. कशाबद्दल? तुमच्या-आमच्या बाथरूमबद्दल. घराघरांतलं मैलापाणी पुरेशा प्रक्रियेविना नदीत जात होतं म्हणून.

बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास पोचली आणि त्यानंतर तर टॉवरमागून टॉवर उठले. मुंबईत परवडत नाही, म्हणून ‘निसर्गाच्या कुशीत वन बीएचके’. इथल्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालं, पण जांभळीच्या जागेवर काय उभं राहिलं हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत. होम लोनचा पहिला हप्ता भरताना आपण कार्पेट एरिया विचारतो, स्टेशन किती मिनिटांवर ते विचारतो. फ्लश केलेलं पाणी कुठे जातं, हे विचारत नाही. ते बहुतेक वेळा पुढच्या स्टेशनच्या दिशेने जातं.

आणि येतं कुठून? ही गोष्ट कळली तेव्हा मी चाटच पडले. भर मे महिन्यात उल्हास वाहती असते त्याचं मोठं कारण म्हणजे टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र. १९२२ पासून मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी सह्याद्रीच्या अलीकडे वळवून तिथे वीज बनते आणि ते पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं. जे पाणी घाटावरून भीमेकडे जायचं, ते मुंबईच्या गिरण्यांसाठी पश्चिमेला वळलं आणि आज आपल्या नळाला येतं. त्याच काळात, १९२१ मध्ये, शेजारच्या मुळशीत टाटांच्याच दुसऱ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात उतरले. वाढीला प्रश्न विचारणं ही काही आजची फॅशन नाही. जवळच्या बारवी धरणाचंही तसंच. ते एमआयडीसीचं, त्याची उंची वाढवली तेव्हा गावं-पाडे उठले. उद्योग आणि आपला शॉवर एकाच पाईपवर आहेत.

पुढचं स्टेशन पुरे

शाश्वत विकासाची १९८७ ची प्रसिद्ध व्याख्या पुढच्या पिढ्यांबद्दल बोलते. त्यांच्या गरजांना धक्का न लावता आपल्या गरजा भागवा, असं सांगते. मला वाटतं, उल्हासच्या काठी इतकं लांब जायची गरज नाही. पुढची पिढी राहू दे, पुढचं स्टेशन पुरे. माझ्या घरातून, माझ्या कपड्यांतून, माझ्या गावच्या कारखान्यातून जे पाणी बाहेर पडतं, ते खालच्या गावाला चालेल का? चालत असेल तर ते सस्टेनेबल. नसेल तर बांबूचा ब्रश असला काय नि नसला काय.

टेक्नॉलॉजी येईल आणि सुटेल सगळं, असं म्हणणारेही भेटतात. आहेच टेक्नॉलॉजी. लेझर आणि ओझोनने फार कमी पाण्यात जीन्स फिकट करता येते, सांडपाणी पूर्ण फिरवून वापरता येतं. ते सक्तीने व्हावं आणि छोट्या युनिटला त्यासाठी कर्ज मिळावं, हे तर झालंच पाहिजे. पण १८६५ मध्येच विल्यम जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की इंजिनं सुधारली, कोळसा कमी लागायला लागला, तरी एकूण कोळसा जास्तच जळतो, कारण वापर वाढतो. निम्म्या पाण्यात जीन्स झाली आणि आपण तिप्पट जीन्स घेतल्या, तर नदीला काय मिळालं? ‘पुरे’ हा शब्द कुठल्याही मशिनमध्ये बसवता येत नाही. तो आपल्यालाच म्हणावा लागतो.

मग सोमवारपासून काय?

* जीन्स कमी, जास्त दिवस. लिव्हाय स्ट्रॉसच्या २०१५ च्या अभ्यासानुसार एका जीन्सच्या आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं ६८ टक्के कापसाला आणि २३ टक्के आपल्या घरच्या धुण्याला. म्हणून दर वेळी धुवायची गरज नाही आणि दर सेलला घ्यायचीही नाही.
* गडद रंग घ्या. फिकट तुम्हीच करा, वापरून. पाच वर्षं लागतील, पण ती खरी असतील.
* बिल्डरला प्रश्न. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आहे का, ती चालू आहे का, तिचं पाणी फ्लशला फिरतं का? इमारत पूररेषेच्या बाहेर आहे का?
* सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोला. यंत्रणा असूनही विजेचं बिल वाचवायला ती बंद ठेवली जाते. टँकरवाल्यापेक्षा आपण फार वेगळे नाही, तो रात्री ओततो, आपण दिवसा.
* नुसतं ‘बंद करा’ म्हणू नका. कारखान्यावर कारवाई मागताना तिथल्या कामगारांच्या रोजगाराचं काय, हेही त्याच अर्जात विचारा.

यातलं शेवटून दुसरं सगळ्यात कठीण आहे. मेंटेनन्स महिन्याला थोडा वाढेल म्हटलं की मीटिंगमध्ये कसा गदारोळ होतो, हे आपल्याला माहीत आहे. पण खालच्या गावाचं बिल तेवढंच आहे आणि आजवर ते आपण भरलेलं नाही.