वीज तिकडे, इंटरनेट इकडे

आगरताळ्याहून कोलकात्याला भारताच्याच हद्दीतून जायचे, तर आसाम आणि सिलिगुडीची चिंचोळी पट्टी ओलांडत सुमारे १,६०० किलोमीटरचा फेरा पडतो. मधल्या बांगलादेशातून सरळ गेले, तर हेच अंतर पाचशेच्या आसपास भरते. त्रिपुराला तीन बाजूंनी या शेजाऱ्याचा वेढा आहे.

म्हणूनच त्रिपुरातल्या पालाटाणाला ७२६ मेगावॉटचे वीजकेंद्र उभारायचे ठरले, तेव्हा प्रश्न नैसर्गिक वायूचा नव्हता. तो राज्यातच होता. अवजड टर्बाइन घाटरस्त्यांनी न्यायचे कसे, हा खरा पेच होता. बांगलादेशाने वाट दिली: नदीतून आशुगंज बंदर, तिथून लांबलचक ट्रेलरवर आखौडा, मग आगरताळा.

पण वाटेतल्या पुलांना हे वजन पेलवणारे नव्हते. त्यांच्या शेजारून प्रवाहात मातीचे भराव टाकून वळणरस्ते काढले गेले आणि त्यात तितास नदीही अडली. ऋत्विक घटकांच्या चित्रपटामुळे सिनेरसिकांना माहीत असलेली तीच ही तितास. होड्यांचा मार्ग बंद झाला, मासेमारांच्या पोटावर पाय आला, २०११मध्ये बांगलादेशात त्यावरून गदारोळ उठला. सहकार्याच्या सरकारी पत्रकांत हा भराव सहसा सापडत नाही.

या वाटेची परतफेड २३ मार्च २०१६ रोजी दिसली. त्रिपुरातून बांगलादेशातल्या कुमिल्ल्याला १०० मेगावॉट वीज निघाली आणि त्याच दिवशी तिथल्याच कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरून आगरताळ्याला १० गिगाबिट इंटरनेट मिळाले. मुंबई आणि चेन्नईनंतर आंतरराष्ट्रीय इंटरनेटचे भारतातले हे तिसरे प्रवेशद्वार. विजेची जोडणीही साधीच ठेवली होती. दोन देशांची वीजजाळी एका लयीत चालत नसल्याने कुमिल्ला भागातला काही भार बांगलादेशाच्या जाळ्यापासून वेगळा काढून थेट त्रिपुराच्या वाहिनीवर टाकण्यात आला.

एकमेकांच्या रस्त्यांवर गाड्या जाऊ देणारा, भारत-बांगलादेशासह चार देशांचा मोटार वाहन करार २०१५मध्ये थिंफूत झाला खरा, पण खुद्द यजमान भूतानच्याच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो पुढे नाकारला. त्यापेक्षा ‘तुम्ही वाट द्या, आम्ही वीज देतो’ हा रोखठोक व्यवहार पुष्कळ पुढे गेला.

अर्थात, व्यवहार म्हटला की उधारीही आली. बांगलादेशाकडे विजेच्या बिलाची थकबाकी साचली आणि त्रिपुराला तगादा लावावा लागला. वाटेचेही तसेच: आगरताळा–आखौडा या जेमतेम १२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे १ नोव्हेंबर २०२३ रोजी उद्घाटन झाले. ऑगस्ट २०२४मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले, तेव्हाही त्यावर नियमित प्रवासी गाडी सुरू झालेली नव्हती.