चार चाकांची ओढ, तरी गाडी का रुतते?

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत पावसाळा सुरू झाला की डांबरी सडक सुटल्यावरचा शेवटचा तुकडा म्हणजे लाल चिखल. अनेक गावांत डांबर गावठाणापर्यंत पोचते आणि आपल्या वस्तीकडे जाणारी वाट कच्चीच राहते. बाळंतिणीला, सर्पदंश झालेल्याला याच वाटेने न्यावे लागते. म्हणूनच आपले काही तरुण कर्ज काढून फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेण्याचा विचार करतात. अशा तरुणांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही 'डिफरन्शियल लॉक' या भागाची माहिती येथे देत आहोत.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम आक्सलच्या मधल्या गोळ्यातील डिफरन्शियल करते. सडकेवर हा गुण, चिखलात मात्र दोष. एक चाक घसरू लागले की सारी गती त्याच चाकाकडे जाते आणि घट्ट जमिनीवरचे चाक गप्प उभे राहते. पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके अधांतरी झाली, तर फोर-व्हील गाडीही जागेवरच गुरगुरते. लॉक लावला की आक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि गाडी निघते.

भातखाचरात ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. बहुतेक ट्रॅक्टरवर टाचेने दाबायचे डिफलॉकचे पेडल असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी ९० टक्के अनुदानाची मिनी ट्रॅक्टर योजना आहे. तिच्यातून ट्रॅक्टर घेणाऱ्या भगिनींनीही हे पेडल कसे वापरायचे ते विक्रेत्याकडून समजून घ्यावे.

आता निवडीकडे वळू. बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. पहिला ब्रेकच्या साहाय्याने चालणारा. घसरणारे चाक संगणक ब्रेक लावून धरतो. मारुती जिम्नीत ही सोय आहे. देखभाल कमी, पण चाक आधी घसरावे लागते आणि लांब चिखलात ब्रेक तापतात. दुसरा 'लिमिटेड स्लिप'. यात क्लचच्या चकत्या असतात, खास तेल लागते, चकत्या झिजतात आणि चाक पूर्ण उचलले गेले तर याचा जोर अपुरा पडतो. तिसरा आपोआप लागणारा यांत्रिक लॉक. महिंद्राच्या थारच्या काही मॉडेलमध्ये तो मागच्या आक्सलला मिळतो. दोन चाकांच्या गतीत मोठा फरक पडला की तो धक्क्याने लागतो व नंतर आपोआप सुटतो. चौथा चालकाने स्वतः लावायचा. फोर्स गुरखाला पुढे व मागे असे दोन्ही लॉक असतात. २०२४ साली आलेल्या थार रॉक्सच्या फोर-व्हील मॉडेलला मागे विजेवर चालणारा लॉक आहे. बाहेरून बसवायचे हवेच्या दाबाचे लॉकही मिळतात, पण त्यांना कॉम्प्रेसर व नळ्या सांभाळाव्या लागतात.

एकच लॉक परवडत असेल तर मागचा घ्यावा. चढावर वजन मागे सरकते आणि स्टिअरिंग मोकळे राहते. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होते, म्हणून तो थोड्या वेळापुरताच वापरायचा. गाडी अनेक हातांत जाणार असेल तर आपोआप चालणारा बरा. एकच जाणता चालक असेल तर हाताने लावायचा बरा, कारण तो चिखलात शिरण्याआधीच लावता येतो. पैसा मोजका असेल तर आधी चांगले टायर घ्या. गुळगुळीत टायरवर कोणताही लॉक कामाचा नाही. जुन्या गाडीत लॉक बसवताना आक्सलच्या दात्यांची संख्या व गिअरचे प्रमाण जुळते का ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. मूळ रचनेत बदल करण्यापूर्वी आरटीओ, विमा कंपनी व वॉरंटी यांची चौकशी करा.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. हाताने लावायचा लॉक गाडी थांबवून किंवा अगदी सावकाश असताना लावावा, चाक गरगरत असताना नव्हे. कठीण जमीन लागताच तो सोडावा. २० मार्चला चवदार तळ्याच्या स्मरणासाठी भोरहून वरंधा घाटाने महाडला जाणारे बांधव अनेक आहेत. त्या डांबरी वळणांवर लॉक लावलात तर गाडी वळायला कुरकुरेल आणि आक्सलवर ताण येईल. आडव्या उतारावरही जपा. लॉक लागलेली दोन्ही चाके एकदम सुटली की गाडी बाजूला घसरते आणि धरणाकाठच्या अरुंद वाटेवर बाजूला दरी असते. लॉकची गाडी एका चाकाने जॅकवर असताना गिअरमध्ये कधीही चालवू नका. जमिनीवरचे चाक फिरून गाडी जॅकवरून उडी घेईल.

नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधण्याची प्रथा आपण सोडली, ते योग्यच झाले. त्या जागी तपासून पाहण्याची सवय आली पाहिजे. गाडी घेण्याआधी तिच्याखाली वाकून पाहा, विक्रेत्याला प्रश्न विचारा आणि जमल्यास आपल्याच वाटेवर एकदा चालवून पाहा. हप्ता पाच-सात वर्षे घर भरणार आहे, तेव्हा घरातील बायाबापड्यांनाही या बोलण्यात बसवा. आणि हेही ध्यानात ठेवा की उत्तम लॉक लागलेली गाडी म्हणजे पक्का रस्ता नव्हे. वस्तीच्या रस्त्याची मागणी ग्रामसभेत लेखी मांडणे हे गाडीवाल्याचेही काम आहे.