पेढीच्या कीर्दीची राखीव प्रत

स्मरणिकेसाठी व्यापारविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा धान्याच्या भावांवर आम्ही काही लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर लिहिण्यास आमच्याहून अधिकारी व्यक्ती संघात पुष्कळ आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे ज्वारी, गहू व हरभरा यांचा घाऊक व्यापार करणारे. संगणकाशी आमचा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा. तथापि ज्या गोष्टीने आमची पेढी तीन आठवडे आंधळी करून टाकली, तिची माहिती आपल्या बंधूंस व्हावी आणि त्यांनी विक्रेत्यास चार प्रश्न अधिक विचारावेत, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम आभासी यंत्र, म्हणजे ज्यास बाजारात व्हर्च्युअल मशीन म्हणतात, ते काय हे सांगणे अवश्य आहे. पूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या कामास निराळा सर्व्हर घेत. आता एकाच मोठ्या यंत्रात हायपरवायझर नावाची प्रणाली बसवितात आणि ती त्या यंत्राची साठवण व शक्ती वाटून देऊन आत अनेक स्वतंत्र संगणक नांदविते. एका वखारीत भिंती घालून तीन गाळे पाडावेत, प्रत्येकाचे कुलूप निराळे, व्यवहार निराळा, पण छप्पर एकच, असा हा प्रकार होय. कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने ती 1960 च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर अमलात आणली व 1972 साली व्हीएम/370 या नावाने गिऱ्हाइकांच्या हाती दिली. 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती पुढे साध्या सर्व्हरांवर रूढ केली. आमच्या पेढीवरील यंत्रात असे तीन गाळे होते: एकात हिशोब, दुसऱ्यात वजनकाटा व वखारीची शिल्लक, तिसऱ्यात पत्रव्यवहार व कागदपत्रे.

आभासी यंत्राची सारी चीजवस्तू अखेर काही फाइलींत मावते. म्हणून ते उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवता येते आणि त्याची सबंध प्रत घेता येते. प्रणाली, हिशोब, मांडणी, सर्व एकत्र. मात्र छप्पर एकच असल्याने ते कोसळले की तिन्ही गाळे एकदम जातात.

2021 सालच्या मार्गशीर्षात आमचे छप्पर कोसळले. डिस्कांचा कारभार पाहणारे कार्ड बिघडले आणि त्याने जाता जाता डिस्कांवरील मजकूरही नासविला. आम्ही निश्चिंत होतो. रोज रात्री बाहेरील डिस्कवर राखीव प्रत जात असे व सकाळी ‘यशस्वी’ असा संदेश येत असे. नवे यंत्र आले, प्रत परत उतरविली, हिशोबाचे यंत्र सुरूही झाले. पण हिशोबाचा कप्पाच जागेवर नव्हता. दोन वर्षांपूर्वी जागा अपुरी पडली म्हणून त्या यंत्रास दुसरी डिस्क जोडली होती, ती ‘इंडिपेंडंट’ या प्रकारची. अशी डिस्क स्नॅपशॉटमध्ये येत नाही, आणि स्नॅपशॉटवर चालणारी राखीव प्रत तिला वगळून पुढे जाते. दररोजच्या संदेशात ‘यशस्वी’ या शब्दाखाली तशी एक ओळ होती. ज्यांनी व्यवस्था लावून दिली त्यांनी ती वाचली नाही, आणि आम्हीही वाचली नाही. दोष कोणाचा हे मोजण्यात आता अर्थ नाही. ओळ आमच्या पेढीवर येत होती, एवढे खरे.

आमच्या वयोवृद्ध दिवाणजींनी दिवाळीपूर्वी स्वतःच्या समाधानासाठी पेनड्राइव्हवर एक प्रत घेऊन ठेवली होती. ती सात आठवडे जुनी. तेथून पुढचा रोजमेळ तोलपावत्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बँकेचे उतारे व जीएसटीची विवरणे यांवरून पुन्हा लिहावा लागला. देणे बहुतेक जुळले. ज्यांचे देणे होते त्यांनी त्याची आठवण ठेवली होती. येणे जुळविणे मात्र कठीण. गोव्यातील व कोकणातील किरकोळ दुकानदारांना फोन करून, “आमचे तुमच्याकडे किती येणे आहे?” असे विचारण्याची पाळी आली. व्यापाऱ्यास याहून अवघड वाक्य उच्चारावे लागत नाही. फोंड्याच्या एका दुकानदाराने आम्हांस ठाऊक नसलेली एकवीस पोत्यांची उधारी आपण होऊन सांगितली. काहींनी तसे केले नाही, आणि ते का केले नाही हे विचारण्यास आमच्याकडे कागद नव्हता.

त्यानंतर पुतण्याच्या आग्रहाने आम्ही केवळ याच कामासाठी बनविलेली पेटी घेतली. तिला बॅकअप अप्लायन्स म्हणतात. आत अनेक डिस्का असतात व एखादी बिघडली तरी बाकीच्यांवर मजकूर शाबूत राहतो. प्रत घेण्याची प्रणाली कारखान्यातूनच बसवून येते. यंत्र एकाचे, प्रणाली दुसऱ्याची आणि अडचण आल्यास दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे, हा प्रकार येथे टळतो. उलट पक्षी, आपण एका उत्पादकाशी बांधले जातो व वार्षिक वर्गणी द्यावी लागते, हेही सांगितले पाहिजे.

पेटी काम कसे करते, हे आम्हांस वखारीच्या मोजदादीवरून उमगले. हमाल पोती आत-बाहेर करीत असता थप्प्या मोजू लागलो, तर एखादे पोते दोनदा मोजले जाते, एखादे मुळीच नाही. संगणकही मजकूर सतत हलवीत असतो. म्हणून पेटी हायपरवायझरला सांगते की, क्षणभर चित्र गोठवा. यालाच स्नॅपशॉट म्हणतात. त्या क्षणापासून नवा मजकूर मूळ जागी न लिहिता बाजूच्या फाइलीत लिहिला जातो. जणू मोजदाद संपेपर्यंत नवा माल बाहेर ओट्यावर उतरवून घ्यावा. आतील मजकुराची प्रत झाली की ओट्यावरचा माल आत घेतात. एखादा स्नॅपशॉट मोडण्याचे विसरल्यास ओटा भरत जातो आणि एके दिवशी जागा संपून यंत्र थांबते. हिशोबाच्या प्रणालीस मात्र केवळ गोठविणे पुरत नाही. अर्धी लिहिलेली नोंद पूर्ण करून मगच हात थांबव, असे तिला आधी कळवावे लागते. विंडोजमध्ये यासाठी व्हीएसएस नावाची सोय आहे. ती चालू नसेल, तर परत आणलेली कीर्द मध्येच तुटलेल्या ओळीसह उघडण्याचा संभव असतो.

पहिली प्रत पूर्ण घ्यावी लागते. पुढे रोज संपूर्ण खतावणी उतरवून काढण्याचे कारण नाही. कोणते तुकडे बदलले याची नोंद हायपरवायझर ठेवतो व पेटी तेवढेच तुकडे घेते. शिवाय तिन्ही यंत्रांवर विंडोज तेच, म्हणजे हजारो तुकडे एकसारखे; पेटी असा तुकडा एकदाच साठविते आणि बाकीच्या ठिकाणी केवळ त्याचा निर्देश ठेवते. यास डीडुप्लिकेशन म्हणतात. विक्रेते यावरून मोठमोठी गुणोत्तरे सांगतात, ती आपल्या मालावर पारखून घ्यावीत. छायाचित्रे, चलच्चित्रे व आधीच दाबलेल्या किंवा कुलूपबंद केलेल्या फाइली यांत बचत फारशी होत नाही.

विक्रेता प्रत घेण्याविषयी तासभर बोलतो. परत उभे करण्याविषयी त्यास आपणच बोलते करावे लागते. परत उभे करणे तीन प्रकारचे. कोणी चुकून एखादे पत्रक पुसले, तर तेवढीच फाइल काढून देता येते. सबंध यंत्र गेले, तर सबंध उतरविता येते; पण त्यास मजकुराच्या आकारमानाप्रमाणे तास लागतात. तिसरा प्रकार आम्हांस विशेष मोलाचा वाटला. त्यात पेटीतील प्रतीवरूनच यंत्र थेट सुरू करतात, गिऱ्हाईक उभे असताना काम चालू होते आणि मागाहून मजकूर सावकाश मूळ जागी हलवितात. गती मंद असते. परंतु ज्वारीची आवक भरात असताना मंद चालणारा काटा बंद काट्यापेक्षा बरा. म्हणून खरेदीपूर्वी घरात दोन प्रश्न ठरवून घ्यावेत: किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल, आणि पेढी किती वेळ बंद ठेवणे परवडेल. आमची उत्तरे एक तास व अर्धा दिवस अशी होती; त्यावरून दर तासाला प्रत घेण्याचे ठरले.

येथे 2017 सालची एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. 27 जून रोजी नॉटपेट्या नावाचा उपद्रव जगभर पसरला व मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला. न्हावा शेवा येथील तिचे टर्मिनलही त्यात सापडले. त्या कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, दहा दिवसांत 4,000 सर्व्हर व 45,000 संगणक नव्याने मांडावे लागले. कोणास आत घ्यावे व कोणास नाही याची यादी ठेवणारे जे सर्व्हर, ज्यांस डोमेन कंट्रोलर म्हणतात, ते एकमेकांच्या प्रती ठेवीत असत. त्यामुळे सर्व एकदम गेले. वाचला तो घाना देशातील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती! तेथून तारेवरून मजकूर पाठविण्यास अनेक दिवस लागले असते, म्हणून तो माणसांकरवी विमानाने इंग्लंडला नेला. एकमेकांच्या प्रती ठेवणे म्हणजे राखीव प्रत नव्हे, हे यावरून कळते. एकावरील घाण दुसऱ्यावर त्याच क्षणी पोहोचते.

खंडणीखोर आता प्रथम राखीव प्रतच शोधून नष्ट करतात. सबब पेटीचे कुलूप निराळे हवे. पेढीवर रोज वापरला जाणारा परवलीचा शब्द तिला असू नये, तिला डोमेनमध्ये जोडू नये, आणि ठरविलेल्या मुदतीपर्यंत खुद्द मालकासही प्रत पुसता येऊ नये अशी सोय असल्यास ती सुरू करावी. मुदत संपण्याआधी जागा भरली तर पंचाईत होते हे खरे, पण ती पंचाईत पत्करावी.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे संगणककेंद्र जळाले, तेव्हा ज्यांची मूळ प्रत व राखीव प्रत एकाच आवारात होती त्यांचे दोन्ही गेले. आमची दुसरी प्रत कोल्हापुरास एका आप्ताच्या पेढीवर असते. आरंभी ती तारेवरून पाठवावी असा विचार होता. आम्ही कागदावर गणित मांडले: दोन टेराबाइट म्हणजे सोळा लाख कोटी बिट, आमच्या जोडणीतून बाहेर जाणारा वेग सेकंदास दोन कोटी बिट, म्हणजे आठ लाख सेकंद, अर्थात सव्वानऊ दिवस. पुतण्या ती प्रत डिस्कवर घेऊन एसटीने गेला व संध्याकाळी परत आला. त्यानंतर रोजचे बदल तेवढे रात्री तारेवरून जातात.

कायद्याची बाजूही थोडक्यात नोंदवितो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. ज्यांच्या पेढ्या कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांस ऑगस्ट 2022 मधील दुरुस्तीपासून संगणकीय हिशोबांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक आहे. पेटी घेताना ती आपल्या हायपरवायझरशी जुळते का, आणि उद्या तो बदलल्यास नव्याशीही जुळेल का, हे लेखी घ्यावे. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली व त्यानंतर कायमचे परवाने विकणे बंद झाले. तेव्हापासून अनेकांनी दुसरी प्रणाली धरली आहे.

आम्ही दर तिमाहीस तालीम करतो. पेटीतच तिन्ही यंत्रे उभी करतात, परंतु चालू जाळ्यापासून तोडून. नाहीतर एकाच नावाची व एकाच पत्त्याची दोन यंत्रे समोरासमोर येऊन गोंधळ होतो. पडद्यावर यंत्र सुरू झालेले दिसले म्हणजे तालीम झाली, असे आम्ही मानीत नाही. दिवाणजी आदल्या दिवसाची कच्ची वही घेऊन बसतात आणि रोख शिल्लक, पाच देणेकऱ्यांची बाकी व वखारीतील एका मालाची शिल्लक पडद्यावर पडताळतात. पहिल्या तालमीत हिशोबप्रणाली उघडेना, कारण तिचा परवाना जुन्या यंत्राशी बांधलेला होता. तो कसा सोडवावा हे आता पेटीच्या झाकणावर चिकटविलेल्या कागदावर लिहिले आहे. दुसऱ्या तालमीत रोख शिल्लक पैशासह जुळली, पण बारदानाचे खाते एक दिवस मागे निघाले. शोध घेता कळले की, वखारीचा मुलगा ते खाते सर्व्हरवर न ठेवता स्वतःच्या संगणकावर लिहीत असे व दुसऱ्या दिवशी वर चढवीत असे. “काका, त्यात काय एवढे, रिकामी पोतीच तर आहेत,” असे तो म्हणाला. दिवाणजींनी त्यास त्या वर्षीच्या रिकाम्या पोत्यांची किंमत काढून दाखविली, आणि त्या दिवसापासून ते खातेही सर्व्हरवर आले.