बंडीचा आस आणि रशियन ‘ओस’

बैलबंडीची दोन्ही चाके ज्या आडव्या दांड्यावर फिरतात, तो आस. रशियन भाषेत त्याचे नाव ‘ओस’, शेवटचा ‘स’ किंचित मृदू. यातला कोणताही शब्द दुसऱ्याकडून उसना आलेला नाही. संस्कृत ‘अक्ष’, लॅटिन ‘आक्सिस’, लिथुआनियन ‘अशिस’ ही त्यांची भावंडे. मूळ इंडो-युरोपीय आदिभाषेत.

मराठी आणि रशियन रूपांतला ‘स’ जुळतो, तो मात्र योगायोग. संस्कृत ‘क्ष’चा मराठीत पुष्कळदा ‘स’ किंवा ‘श’ झाला: इक्षूचा ऊस, क्षेत्राचे शेत, मक्षिकेची माशी, तसाच अक्षाचा आस. स्लाव्ह भाषांतला बदल स्वतंत्रपणे घडला. संस्कृतात डोळ्याला ‘अक्षि’ म्हणतात, म्हणून डोळा आणि आस एकाच मुळाचे वाटतात. रशियन हा गुंता सोडवते. तिथे आस ‘ओस’, तर डोळ्याचा जुना शब्द ‘ओको’. म्हणजे मुळात दोन निराळे ध्वनी होते, ते संस्कृतात एकरूप झाले. एका भाषेत पुसलेला भेद दुसरीत सापडावा, ही तुलनात्मक भाषाशास्त्राची खरी मौज आहे.

बैलांच्या मानेवरचे जू, म्हणजे संस्कृत ‘युग’, रशियनमध्ये ‘इगो’ आहे. मंगोलांच्या जुलमी सत्तेलाही रशियन इतिहासात हेच नाव मिळाले. चाक आणि ‘कोलेसो’ही एकाच धातूचे. त्यामुळे आदिभाषा बोलणाऱ्यांना गाडी ठाऊक होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

रशियन यंत्रशास्त्र ‘ओस’ आणि ‘वाल’ यांत काटेकोर फरक करते. ‘ओस’ फक्त भार पेलतो. ‘वाल’, म्हणजे शाफ्ट, फिरवण्याचा जोरही पुढे पोचवतो. ‘ओस’ स्थिर असेल किंवा फिरता. बंडीचा आस स्थिर असतो, चाके त्याच्यावर घासत फिरतात, म्हणून वंगण लागते. रेल्वेच्या डब्याचे तसे नाही. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयातले डबे पाहावेत: दोन्ही चाके आसावर घट्ट बसवलेली, आस चाकांसह फिरणारा. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत 2002 मध्ये सापडलेले सुमारे 5,150 वर्षांपूर्वीचे लाकडी चाकही असेच आसासकट फिरत असे. त्याचे मधले भोक चौकोनी आहे.

दोन्ही भाषांत हा शब्द गाडीवरून भूमितीत आणि खगोलात गेला. पृथ्वी आसाभोवती फिरते, रशियनमध्ये ‘ओस’भोवती. ‘अक्षांश’ शब्दातही तोच अक्ष आहे. नागपूरचा अक्षांश सुमारे 21 अंश उत्तर, म्हणून इथे ध्रुवतारा, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा, उत्तर क्षितिजापासून साधारण 21 अंश उंचीवर दिसतो.