टार्गेट चुकले, दोष कुणाचा?

शिफ्ट सुटते, फळ्यावर आकडा लागतो आणि टार्गेट कमी पडले की पहिला मेमो कामगाराच्या हाती येतो. दोष खरोखर त्याचाच असतो काय? आमचे म्हणणे असे की, याचे उत्तर भांडणाने नव्हे, हिशेबाने द्यावे. शाळेत गुणाकार-भागाकार शिकलेल्या कोणालाही तो जमेल.

समजा, लाइनवर तीन मशीन आहेत. एका नगाला पहिल्यावर ४० सेकंद, दुसऱ्यावर ६० आणि तिसऱ्यावर ४५ सेकंद लागतात. तासाला पहिले मशीन ९० नग काढील, तिसरे ८०. पण मधले ६०च काढते. म्हणून लाइनचे उत्पादन ६०च! पहिल्या कामगाराने कितीही घाम गाळला तरी मधल्या मशीनपुढे ढीग तेवढा वाढतो. तिसरा कामगार रिकामा दिसतो. तो आळशी नसतो, त्याच्यापर्यंत मालच येत नाही.

ढिगाचाही हिशेब आहे. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला. लाइनवर अडकलेल्या नगांना तासाच्या उत्पादनाने भागले की एका नगाला बाहेर पडायला सरासरी किती वेळ लागतो ते कळते. १८० नग अडकले आणि तासाला ६० निघाले, तर तीन तास. म्हणजे नुसता माल पुढे ढकलून काम लवकर होत नाही.

आता बिघाड पाहू. दहा मशीन एकामागोमाग आहेत, मध्ये माल ठेवायला जागा नाही आणि प्रत्येक मशीन १०० पैकी ९५ वेळा चालू असते. ऐकायला उत्तम! पण एक बंद पडले की सारी लाइन थांबते. बिघाड एकमेकांवर अवलंबून नसतील, तर ०.९५ दहा वेळा मांडून गुणावे. उत्तर सुमारे ०.६० येते. आठ तासांच्या शिफ्टमध्ये लाइन जेमतेम पावणेपाच तास चालली. उरलेल्या सव्वातीन तासांचा जाब एकट्या कामगाराला कसा विचारता येईल?

कामगाराची चूक असेल तर तीही याच हिशेबात दिसेल. ती मान्य करावी. पण त्यासाठी आकडे आपल्याजवळ हवेत. म्हणून कामगार बंधू-भगिनींनी खिशात छोटी वही ठेवावी. मशीन किती वाजता थांबले, किती वाजता सुरू झाले, माल किती वेळ आला नाही, ते रोज टिपावे. बेरीज घरी मुलामुलींकडून करून घ्यावी. मेमोला उत्तर देताना ती वही शेजारी असू द्यावी.