बत्तीस आणि मूवत्तेरडु
(घरची भाषा, शाळेची भाषा : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात बोलीतल्या शब्दांविषयी लिहिलं, तेव्हा एका वाचकाने विचारलं, ‘गणिताला कुठे आली भाषा? आकडे सगळ्यांचे सारखेच की.’ उत्तर मला वाघोलीजवळच्या एका बांधकामावर मिळालं होतं.

पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था मजुरांच्या मुलांसाठी साइटवर वर्ग चालवतात. तशाच एका पत्र्याच्या खोलीतल्या वर्गात मी बसलो होतो. ताई म्हणाल्या, “बत्तीस लिही.” कलबुर्गीकडची आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिने पाटीवर आधी २ काढला, मग त्याच्या उजवीकडे ३. ताई रागावल्या नाहीत. दहा-दहा काड्यांचे तीन जुडगे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, “तुमच्यात याला काय म्हणतात गं?”

“मूवत्तेरडु.”

आणि लगेच तिने पाटी तळहाताने पुसली, ३२ लिहिलं.

मूवत्तु म्हणजे तीस, एरडु म्हणजे दोन. कन्नडमध्ये, तसंच तेलुगूतही, ज्या क्रमाने ऐकायचं त्याच क्रमाने लिहायचं. मराठीत ‘बत्तीस’ म्हटलं की कानावर दोन आधी पडतात आणि हाताने लिहायचे मात्र तीन आधी. यात मराठी घरातलं मूलही अडखळतंच. एकोणतीसमधला ‘तीस’ ऐकून ३९ लिहिणारी मुलं कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत भेटतील. एकोणनव्वदपर्यंत चालणारा ‘एकोण’चा नियम नव्व्याण्णवला गुपचूप सोडून जातो, ते निराळंच!

२०१९ मध्ये सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची दुसरी रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. विधानसभेत ‘फडणवीस’ या आडनावावर कोट्या झाल्या. कोट्या बऱ्या होत्या, पण पुस्तकात एकवीस आणि त्रेसष्ट शाबूत आहेत, हे बघायला पुस्तक उघडावं लागत होतं. मराठीचा खून वगैरे काही झाला नव्हता.

शिवाय ही रीत परकी कुठे आहे? बार्शीकडची माझी आजी कडब्याच्या पेंढ्या ‘दोन ईसा न तीन’ अशा मोजायची. म्हणजे त्रेचाळीस. मोठं आधी, सुटं नंतर. शाळेने आजीची मोजणी अडाणी ठरवली, इतकंच. नॉर्वेत तर १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने ‘एक आणि वीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणायचं ठरलं. निमित्त काय, तर टेलिफोन नंबर सांगताना होणारा घोळ. लोक अजूनही दोन्ही बोलतात.

बाजार बत्तीसच म्हणतो, तेव्हा मुलांना बत्तीस यायलाच हवं, हा आक्षेप मला मान्य आहे. माझं भांडण बत्तीसशी नाही. तिथवर जाताना मुलीच्या घरावरून जावं, एवढंच म्हणणं.

वर्ग सुटल्यावर ती मुलगी कोपऱ्यावरच्या टपरीवर साखर, चहापत्ती घ्यायला आली. टपरीवाला म्हणाला, “बत्तीस.” तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिने दहाच्या तीन नोटा पुढे केल्या आणि मुठीतलं दोनाचं नाणं त्यांच्यावर ठेवलं.