तिचा वार

दूरच्या खेड्यातून पुण्यासारख्या विद्येच्या ठिकाणी आलेल्या गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावून जेवावे, सोमवारी एका पेठेत तर मंगळवारी दुसऱ्या पेठेत त्याचे पान मांडले जावे, आणि त्या सात घरांच्या अन्नावर वाढलेला तो मुलगा पुढे वकील, मामलेदार किंवा प्राध्यापक म्हणून नावारूपास यावा, ही आपल्याकडची एक जुनी रीत होती. तिच्यात जातीच्या भिंती होत्या आणि परक्याच्या ओसरीवर पानाची वाट पाहत बसण्यातला संकोचही काही थोडा नव्हता. तरीही शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे, तर फीच्याही आधी दोन वेळचे अन्न आणि रात्री अंग टाकायला जागा, हे व्यावहारिक सत्य त्या रीतीने अचूक ओळखले होते. थोरामोठ्यांच्या चरित्रांतून माधुकरीच्या आणि वारांच्या हकीकती आपण आदराने वाचतो. परंतु वार लावून शिकलेली मुलगी त्या पानांतून सहसा भेटत नाही. अल्प उत्पन्नाच्या घरातील मुलींसाठी निराळ्या शिष्यवृत्तीची तजवीज कशाला, असा प्रश्न पुष्कळदा सद्हेतूनेच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर या कधीच न लागलेल्या वारात आहे.

कोकणातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे वयाच्या सतराव्या वर्षी सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, आणि वय कमी दिसते या सबबीवर परीक्षेला न बसताच त्यांना परतावे लागले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या मुलाचे दारिद्र्य खरे होते, त्याची निराशाही खरी होती. पण वाट त्याला मोकळी होती. त्याच गावातील त्याच वयाच्या मुलीला तेव्हा शिकण्यासाठी गावाची वेस ओलांडण्याचीही मुभा नव्हती. गरिबी दोघांच्या वाट्याला सारखी आली तरी गरिबीतून बाहेर पडण्याची साधने सारखी आली नाहीत, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढे याच कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ का उभारले, याचाही उलगडा होतो.

बुद्धी सिद्ध झाल्यावर तरी वाट मोकळी होत होती काय? नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. अंतिम परीक्षेत त्यांनी जे स्थान मिळवले, त्या स्थानाबरोबर इंग्लंडमध्ये पुढील शिक्षण घेण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती त्यांना नाकारण्यात आली, आणि नाकारण्याचे कारण एवढेच, की त्या स्त्री होत्या. त्यांनी काही काळ अहमदाबादच्या गुजरात महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी, ज्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही समावेश होता, वर्गणी जमवून त्यांच्या खर्चाची व्यवस्था केली, तेव्हा कोठे १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल होऊ शकल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. पदवी मात्र त्यांच्या हाती १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी पडली. सरकारी दप्तराने जे दिले नाही ते वर्गणीने दिले, ही गोष्ट गौरवाची खरी. पण असे हितचिंतक ज्यांना लाभले नाहीत अशा किती मुलींची नावेही आपल्यापर्यंत पोहोचली नसतील, या विचाराने मन अस्वस्थ होते.

दुसरीही एक बाजू सांगितली पाहिजे. मुलांच्या शिक्षणासाठी स्त्रियांनी काय दिले नाही? कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. घरोघरच्या अशाच अनाम लक्ष्मीबाईंनी पाटल्या-बांगड्या गहाण टाकून मुलांना मुंबई-पुण्यास धाडले आहे. मुलीच्या नावाने मात्र जे सोने घरात साठवले गेले ते तिच्या लग्नासाठी. तिच्या शिक्षणासाठी ते मोडावे, हा विचार पुष्कळ घरांत फार उशिरा आला. म्हणूनच सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊन कर्व्यांच्या विद्यापीठाशी आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव जोडले, याचे मोल निव्वळ रुपयांत होत नाही. एका आईच्या नावाने दुसऱ्यांच्या मुलींसाठी संपत्ती रिती झाली, आणि मुलीच्या विद्येवर खर्च करणे ही प्रतिष्ठेची बाब आहे, हे समाजाला डोळ्यांनी दिसले.

आज परिस्थिती पालटली आहे, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अजूनही चालू आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती योजनेतून वर्षाला पन्नास हजार रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, शासकीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. देशभरातील उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या. ज्या देशात दीड शतकापूर्वी एका मुलीने पदवी मिळवणे हीच नवलाची गोष्ट होती, तेथे हा पालट सामान्य नव्हे.

पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले, ही समजूत ज्यांनी अशा घराचा जमाखर्च जवळून पाहिला नाही त्यांचीच असते. तालुक्याच्या गावाहून शहरात आलेल्या मुलीला खोलीचे भाडे आणि त्यासाठी अनामत लागते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मेसचे पैसे भरावे लागतात. पुस्तके, प्रयोगवह्या, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, आजारपण हे सगळे फीच्या पावतीबाहेरचे असते. मुलगा चार मित्रांबरोबर एखाद्या खोलीत पथारी टाकतो, प्रसंगी रात्रपाळीचे काम धरतो. मुलीच्या बाबतीत घरच्यांची पहिली विचारणा असते ती, राहणार कोठे आणि सोबत कोण. सुरक्षित वसतिगृह ही तिच्यासाठी चैन नाही; शिक्षणाची ती पहिली अट आहे. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाहभत्ता किंवा बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची स्वाधार योजना यांचे महत्त्व म्हणूनच शुल्कमाफीपेक्षा कणभरही कमी नाही. जुन्या वारांचेच हे कायदेशीर, हक्काचे आणि मानाचे रूप आहे.

आणि या सगळ्याचा मार्ग जातो तो कागदांतून. अशा घरात लोखंडी पेटीच्या तळाशी एक प्लास्टिकची पिशवी असते. तहसील कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधारशी जोडलेले बँकेचे पासबुक, असा सारा संसार तिच्यात घडी घालून ठेवलेला असतो. वडिलांच्या नावातला उकार एका कागदावर ऱ्हस्व आणि दुसऱ्यावर दीर्घ निघाला, की अर्ज त्रुटीत पडतो. मग एक दिवसाची मजुरी बुडवून बाप सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो. अर्ज मंजूर होऊन रक्कम खात्यात पडेपर्यंत कित्येकदा सत्र संपत आलेले असते. प्रवेशाची मुदत मात्र पावसाळ्याच्या तोंडालाच उलटून जाते, आणि मुलीने शिकावे की नाही याचा निर्णयही घरात त्याच सुमारास होतो. फाल्गुनात येणारी शिष्यवृत्ती ज्येष्ठात थांबवलेल्या मुलीच्या काय कामाची?

बीडकडील ऊसतोड कामगारांच्या घरी हा प्रश्न सर्वांत उघडा दिसतो. तेथे कामाचे माप कोयत्यावर असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची आगाऊ उचल मिळते ती या जोडीवर. मुलगी हाताशी आली की लग्न करून नवा कोयता उभा करावा, हा हिशोब दुष्टपणातून येत नाही, तो कर्जातून येतो. शिवाय आईबाप सहा-सहा महिने कारखान्याच्या फडावर असताना तरुण मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही काळजीही त्यात असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांआधीच झाले असल्याचे आढळले. अशा घरात वेळेवर मिळालेल्या शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाच्या खात्रीचा अर्थ निव्वळ आर्थिक राहत नाही. उचलीसमोर ठेवता येईल अशी दुसरी रक्कम आणि काळजीसमोर ठेवता येईल असे दुसरे छप्पर त्या आईच्या हाती येते, आणि जी आई आजवर गप्प बसत होती ती दिवेलागणीला नवऱ्याला म्हणू शकते, "राहू द्या, पोरीची सोय झालीय."

या एका वाक्यासाठी पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. शासनाने मंजुरीची आणि वाटपाची मुदत प्रवेशाच्या मुदतीशी जोडावी, वसतिगृहांच्या जागा वाढवाव्यात, ही मागणी रास्त आहे आणि ती करीत राहिलेच पाहिजे. परंतु शासनाचा हप्ता येईपर्यंतचे चार-सहा महिने समाजाला उचलता येतील. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातील गरीब विद्यार्थ्यांना, आणि पुढे विद्यार्थिनींनाही, राहण्याजेवण्याचा आधार देत आली आहे. असे काम प्रत्येक जिल्ह्याच्या गावी व्हावयास हवे. ज्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा शेजाऱ्याला कचेरीची वाट ठाऊक आहे, त्याने बारावीच्या निकालाची वाट न पाहता वैशाखातच एका मुलीची ती पिशवी उघडावी, नावांतले उकार-वेलांट्या तपासाव्यात, आणि दाखल्यांच्या मुदती पाहून ठेवाव्यात. हेही विद्यादानच आहे.

आठवड्याचे वार आजही सातच आहेत. एका मुलीच्या महिन्याच्या मेसचा खर्च सात घरांत वाटला तर एकेका घराच्या वाट्याला येणारी रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाऊ नये. तिला कोणाच्या ओसरीवर बसावे लागणार नाही, कोणाच्या लहरीची वाट पाहावी लागणार नाही, जात सांगावी लागणार नाही. दरमहा ठरल्या तारखेला ती रक्कम तिच्या खात्यात रुजू होईल, आणि मेसमध्ये चार मैत्रिणींच्या पंगतीत तिचे ताट वाढले जाईल. आपल्या पूर्वजांनी मुलांसाठी जे केले ते मुलींसाठी करावयाचे राहून गेले. तो राहिलेला वार आता लावावयाचा आहे.